येण्याआधीचा वास

३ जून

काल सकाळी देवासमोर बसलो. डोळे मिटले. थोड्या वेळानं तो गोड वास आला, पोटातून काहीतरी वर चढत गेलं, आणि मग — काही नाही. भानावर आलो तेव्हा बायकोनं हातात दिलेला चहाचा कप मांडीवर उलटलेला, आणि मी शर्टाची बटणं चाचपतोय. चटका बसलेला कळलासुद्धा नाही. बायको समोर उभी. "अहो, किती हाका मारल्या! नुसते ओठ चाटत होता."

मी हसलो. तिला काय सांगणार? वर्षानुवर्षं हा वास येतो, आणि मी समजतो — देव आला. गावच्या शाळेत शिकलेला मी, पोथ्या कधी कळल्या नाहीत. तरी माझ्याकडे येतो!

५ जून

बायकोनं ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. नजर कॉम्प्युटरवर. "फिट येते? हातपाय आखडतात? तोंडाला फेस?" नाही म्हटलं. खोटं बोललो नाही. शाळेत वर्गातला एकजण धाडकन पडायचा, ती फिट. माझं तसं कुठे? ताकदीच्या गोळ्या घेऊन घरी.

११ जून

कारखान्याची बस चौकात थांबवली होती. सिग्नल हिरवा झाला. मी तसाच. मागून हॉर्न, मग पुढच्या सीटवरचा वेल्डर ओरडला, "काय ड्रायव्हरसाहेब, समाधी लागली का?" सगळी बस हसली. मीही.

पाय ब्रेकवर होता म्हणून. त्याआधी वास आला होता, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

१२ जून

आज देवासमोर म्हणालो, तू येऊ नकोस. जन्मात पहिल्यांदा.

१६ जून

पुन्हा दवाखाना. या वेळी मीच म्हटलं, चल. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "काका, मागच्या वेळी माझं विचारायचं चुकलं. मध्येच वेळ हरवल्यासारखा होतो का? आधी कसला वास?"

सगळं सांगितलं. देवाचंही.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही फिटच आहे, काका." बस चालवायची नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. शिडीवर चढायचं नाही, एकट्यानं पोहायचं नाही. "आणखी एक. क्वचित झोपेतही जीव जातो. गोळी न चुकवता घेतली तर धोका कमी होतो. हे सांगताना माझीच जीभ अडखळते, पण लपवणं बरं नाही."

बायकोनं माझा हात घट्ट धरला. मला मरणाचं काही वाटलं नाही. मी विचारलं, "गोळीनं वासही जाईल?"

"जायला हवा!" केवढ्या आनंदानं म्हणाल्या.

१९ जून

रजेवर आहे. गोळ्या पाकिटात तशाच, बसची चावी खिशात. बायको म्हणाली, "कडी मी काढून टाकली. गोळी काय शेजाऱ्यांनी घ्यायची?"

वेल्डरचा फोन. "लवकर या हो! नवा ड्रायव्हर खड्डे शोधून शोधून गाडी घालतो. तुमच्या गाडीत आम्ही बिनधास्त झोपतो."

बिनधास्त झोपतात.

२० जून

तो कधी आलाच नसेल, तर इतकी वर्षं मी कोणापुढे रडलो?

२३ जून

सकाळी चावी परत करून आलो. मग गोळी घेतली — उभ्यानंच, देवाकडे पाठ करून.