पाळी पुढे ढकलायची आहे

२४ जानेवारी, सकाळ

आली. सहा वर्षांनी परत आली. वय बासष्ट आणि आली! आधी वाटलं मूळव्याध असेल. पण माझी मला कळत नाही का? पोटात कळ नाही, कंबर धरलेली नाही. अगदी सभ्यपणे आली. सूनबाई दर महिन्याला गरम पाण्याची पिशवी घेऊन सोफ्यावर आडवी होते, आणि तिला अजून चाळिशीसुद्धा लागलेली नाही. शेवटी जुनी हाडं ती जुनी हाडं.

तिच्या कपाटातून पॅड घेतले. चोरले नाहीत. ती ऑफिसात होती, विचारणार कोणाला?

ह्यांना सांगितलं नाही. उगाच घाबरतील. ताईची आठवण काढतील.

२७ जानेवारी

थांबली. वेळेवर आली, वेळेवर गेली. माझी नोकरीही अशीच झाली.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

सहल ठरली! शाळेतल्या आम्ही चौघी, समुद्रकाठी आठ दिवस. निघायचं एकवीसला. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांच्या औषधांच्या डब्याशिवाय कुठेतरी जाणार. ह्यांनी विचारलं, मग माझ्या गोळ्यांचं कोण बघणार? म्हटलं, डबा पारदर्शक आहे, तुम्हीच बघा.

खोल्या दोन. माझ्या वाटणीला मॉनिटर. तिला शाळेत वर्गाची मॉनिटर केली होती, ती अजून त्या पदावरून उतरलेली नाही. फोनवर आज चौघींची हजेरी घेतली. मग म्हणाली, पोहायचे कपडे घ्या गं सगळ्यांनी, आता आपल्याला कुठल्या तारखांची अडचण? तिघी हसल्या. मी पण हसले. मनात म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, माझं अजून चालू आहे.

मग कॅलेंडर पाहिलं. चोवीसला आली, म्हणजे पुढची बरोबर एकवीसला. निघायच्या दिवशी! पांढऱ्या चादरींचं हॉटेल, शेजारच्या पलंगावर मॉनिटर.

ठराव : पाळी पुढे ढकलायची. आजकाल सगळ्या मुली लग्नाकार्याला, परीक्षेला गोळ्या घेऊन ढकलतात. मी टेलिफोन एक्स्चेंजची सुपरवायझर होते. मंत्र्यांना होल्डवर ठेवलंय.

६ फेब्रुवारी, दुपार

काम फत्ते. दवाखान्यात जाऊन रांगेत बसायची गरजच नाही, फोनवर डॉक्टर मिळतात. घरात कोणी नाही असं बघून फोन लावला. एक्स्चेंजमधला आवाज काढला. त्या आवाजाला वय नाही. डॉक्टर मुलग्याने वय विचारलं, तेव्हा अडतीस असं तोंडातून निघून गेलं. त्याने शंका घेतली नाही. उलट, गरोदर असण्याची शक्यता आहे का, असं विचारलं. मला इतका राग आला की एकदम बरं वाटलं.

पुष्कळ प्रश्न विचारले. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? नाही. अर्धशिशी? नाही. बीपी? गोळी समोरच टेबलावर होती. म्हटलं नाही. ती गोळी खबरदारी म्हणून आहे, आजार म्हणून नाही. शेवटची पाळी कधी? चोवीस जानेवारी. इथे मी शंभर टक्के खरं बोलले.

मग म्हणाला, तारखेच्या तीन दिवस आधी गोळ्या सुरू करायच्या, सहल होईपर्यंत रोज न चुकता घ्यायच्या, बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येईल. आणि मधेच रक्त गेलं, किंवा पाळी नेहमीसारखी वाटली नाही, तर गोळ्या न घेता आधी प्रत्यक्ष दाखवा. मी म्हटलं, माझी घड्याळासारखी असते.

प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर आलं. किती सोपं! बायका उगाच बाऊ करतात.

७ फेब्रुवारी

केमिस्ट उद्धट आहे.

गेली कित्येक वर्षं ह्यांची औषधं त्याच्याकडून घेतो. मोबाइल बघितला, माझ्याकडे बघितलं, परत मोबाइल बघितला. म्हणाला, आजी, हे कोणाचं आहे? म्हटलं, नाव वाचता येतं ना? म्हणाला, नाव तुमचं आहे, पण वय अडतीस लिहिलंय. म्हटलं, छपाईची चूक. म्हणाला, मग डॉक्टरांकडून दुरुस्त करून आणा, ह्या गोळ्या मी अशा नाही देणार, तुम्ही बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेता. मागे दोन बायका आणि एक इन्शुरन्सवाला उभा. सगळ्यांनी ऐकलं.

आजी म्हणे! मी त्याला माझ्या नातवंडांत मोजत नाही.

दुसऱ्या दुकानात जाईन. एकवीसला अजून अवकाश आहे.

११ फेब्रुवारी, सकाळ

परत आली. ही हिशोबात नव्हती.

शांतपणे विचार केला. इतक्या वर्षांनी लाइन परत जोडली की सुरुवातीला खरखर असतेच. दोन-तीनदा रिंग चुकते, मग सुरळीत होतं. शिवाय एका दृष्टीने उत्तमच. आत्ता येऊन गेली म्हणजे एकवीसला येणार नाही. गोळ्यांचीही गरज नाही. देव आहे.

ताईचं वेगळं होतं. ताईने वर्षभर कोणाला सांगितलंच नाही. मी काही वर्षभर गप्प बसलेली नाही.

१३ फेब्रुवारी

अजून आहे.

सूनबाईने पकडलं. वॉशिंग मशीनमध्ये चादर टाकताना. मी म्हटलं, बीट सांडलं. ती म्हणाली, आई, आपण बीट कधी आणलं? मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, माझे पॅड तुम्ही घेताय का? मी म्हटलं, मोजून ठेवतेस का?

ती ओरडली असती तर मी निभावलं असतं. ती पलंगावर बसली. म्हणाली, आई, तुमची पाळी जाऊन सहा वर्षं झाली. म्हटलं, आता परत आली. म्हणाली, परत येत नसते आई. म्हटलं, तू काय डॉक्टर आहेस? म्हणाली, नाही, म्हणूनच म्हणते, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, सहलीहून आल्यावर. लगेच. पहिलं काम ते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला प्रार्थनेपासून काटा-चमचा धरण्यापर्यंत सगळं शिकवलं, फक्त कमरेखालचं सोडून. मला तरी त्याचं काही अडलं नाही. आजवर.

१४ फेब्रुवारी

आज आराम केला. आरामाने थांबेल.

१५ फेब्रुवारी

आज फिरायला गेले. बसून राहिल्यानेच साचत असणार. दोन चौक गेले आणि परत आले. बाकावर बसायचं धाडस झालं नाही.

मॉनिटरचा फोन. बॅग भरलीस का? म्हटलं, केव्हाच. बॅग माळ्यावर आहे. म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय? माझा आवाज! तीस वर्षांत ह्या आवाजाबद्दल एक तक्रार नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार

कमी आहे. खूपच कमी. जवळजवळ नाही. म्हणजे आहे, पण आहे म्हणण्यासारखं नाही.

ह्यांनी विचारलं, अगं, गेले चार दिवस काळ्या साड्या का? म्हटलं, आवडतात म्हणून. त्यांनी मला डोळ्यांचे थेंब आठवणीने घालायला सांगितले, स्वतःच्या डोळ्यांत. घातले. एक थेंब त्यांच्या कानात गेला. त्यांनी तो पुसला आणि दुसरा डोळा पुढे केला. त्यांना कळलंय की काय?

ताईचंही मधे कमी झालं होतं. पण ताईचं वेगळं. ताई मुळातच नाजूक.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

सूनबाईने अर्धी रजा टाकली आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे वेळ घेतली. मी गेले ती माझ्या अटीवर. गोळ्या मागायच्या, योग्य वय सांगून, आणि परत यायचं.

बाई माझ्या मुलाच्या वयाची. पायात स्पोर्ट्स शूज. मी सरळ मुद्द्यावर आले. सहल आहे, पाळी पुढे ढकलायची आहे. तिने विचारलं, शेवटची कधी? म्हटलं, अकराला. त्याआधी? चोवीस जानेवारी. आणि त्याआधी?

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. सहा वर्षांपूर्वी, म्हटलं.

तिचं लिहिणं थांबलं. रागावली नाही. म्हणाली, पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की नंतर जे रक्त जातं ते पाळीचं नसतं, मग ते थेंबभर का असेना. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं. पण तपासल्याशिवाय त्याला साधं म्हणायचं नाही. गोळ्यांनी रक्त कदाचित थांबलं असतं, कारण तसंच आत राहिलं असतं.

घरात कोणाला काही? मी म्हटलं, नाही. सूनबाई म्हणाली, आहे, माझ्या नवऱ्याच्या मावशींना होतं, गर्भाशयाचं. मी तिच्याकडे असं पाहिलं की एक्स्चेंजमधली एखादी रडली असती. ती रडली नाही. म्हणाली, आई, सांगा ना. मग मी सांगितलं. ताई. माझी सख्खी. दोन वर्षांनी मोठी.

सोनोग्राफी तिथेच केली. आतलं अस्तर जाड आहे. असायला हवं त्यापेक्षा जाड. तुकडा काढून तपासायचा. एकवीसला सकाळी.

मी म्हटलं, एकवीसला मी समुद्रावर आहे. बाई म्हणाली, ठरवायचं तुम्ही, पण मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते. म्हटलं, तुम्ही माझ्या जागी नाही. म्हणाली, खरंय.

अजून ठरवलेलं नाही. बॅग माळ्यावरून काढून घेतली.

१९ फेब्रुवारी

मॉनिटरला कळवलं, मी येत नाही. ह्यांची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. हे शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलवली आणि बिचारे खोकलेसुद्धा. म्हणजे त्यांना माहीत आहे. सूनबाईने सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही.

फोन ठेवल्यावर ह्यांनी बॅग परत माळ्यावर ठेवली. त्यांना स्टुलावर चढायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. मी ओरडले. फार ओरडले.

२१ फेब्रुवारी, दुपार

झालं. गुंगी दिली होती, काही कळलं नाही. जागी झाले तेव्हा त्या तिघी गाडीत बसलेल्या होत्या. मॉनिटरने फोटो पाठवलाय. खिडकीची जागा रिकामी ठेवून काढला आहे. काय गरज होती?

रिपोर्ट यायला आठवडा. बाई म्हणाली, तोवर घरातली कामं करा, विचार करू नका. दोन्ही एकदम कसं करतात ते तिने सांगितलं नाही.

सूनबाईने घरी आणलं, पलंगावर बसवलं, पायाखाली उशी दिली. मी म्हटलं, रिपोर्ट आणायला तूच जा. मी येणार नाही. आणि काही वाईट असेल तर मला सांगायचं नाही. ती म्हणाली, बरं.

थोड्या वेळाने हाक मारून म्हटलं, मी येणार. समोर बसून सगळं ऐकणार, मधे बोलायचं नाही कोणी. ती म्हणाली, बरं.

ह्या मुलीशी धड भांडताही येत नाही. आणि आज मला कोणाशी तरी फार भांडायचं होतं.