यंदाच्या यादीतलं पहिलं पुस्तक

लातूर,
दि. १७ एप्रिल १९८३

सौ. तारामतीबाई यांना सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या एजन्सीकडे पाठवलेल्या कथा मिळाल्या. पोच द्यायला उशीर झाला, त्याबद्दल राग नसावा. तिकडे सगळे खुशाल असतील. इकडेही बरं आहे. जिल्हा झाल्यापासून गावात रोज नवी पाटी लागते, नवे साहेब येतात, भाडी वाढतात. नळाला पाणी मात्र पूर्वीसारखंच, आलं तर आलं.

आमचं कामही नवंच आहे. एजन्सी म्हटलं की लोक विचारतात, खताची का बियाण्याची? मग सांगावं लागतं, की आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं आम्ही वाचतो, नीट करतो आणि पुण्या-औरंगाबादच्या प्रकाशकांना दाखवतो. छापलं गेलं तर आम्हाला थोडं कमिशन. गुरुबसप्पा स्वामी आणि मी, दोघंच आहोत. पेपरात जाहिरात त्यांच्या नावानं होती, म्हणून इथं मी आहे हे आपल्याला ठाऊक नसावं.

तारा, हे ‘आपल्याला’ मला जमेना. मी पंचशीला. नांदेडच्या अध्यापक विद्यालयातली, तुझ्या खोलीतली.

आधी कामाचं सांगते. यंदाची यादी लई रंगीत झालीय. देगलूरच्या एका एसटी कंडक्टरची कादंबरी आहे, तेलुगू बोलणाऱ्या सुनेची. बोअरचं मशीन चालवणाऱ्या एकानं जमिनीखालच्या पाण्यावर पुस्तक लिहिलंय. माहूरच्या गडावर बांगड्या विकणाऱ्या गौरम्मांच्या आठवणी आहेत. त्या बोलल्या आणि त्यांच्या मुलीनं उतरवून घेतल्या. उदगीरच्या किल्ल्यातलं एक भूतही आहे, पण ते कुणाला घाबरवत नाही, उलट भाडेकरूंची भांडणं मिटवतं. आणि तुझ्या कथा.

मागच्या आठवड्यात पुण्याचे एक प्रकाशक यादी बघायला आले होते. दिवसभर बसले. भुताला हसले, बोअरवाल्याचं पुस्तक ठेवून घेतलं. मग तुझ्या कथा हातात घेतल्या आणि चहा गार झाला तरी मान वर केली नाही. सगळं वाचून म्हणाले, “हे आधी काढू. दिवाळीच्या आत.” मग विचारलं, “कोण आहेत या बाई?”

मी म्हणाले, “माझी मैत्रीण.”

गुरुबसप्पा माझ्याकडं बघायला लागले. प्रकाशक गेल्यावर म्हणाले, “बाई, तुमी कदी बोलल्या न्हाईत.” मी म्हणाले, “मलाच आत्ता कळलं.”

कारण खरं सांगायचं तर तुझं पाकीट आलं तेव्हा अक्षर बघताच मी ते गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं होतं. वर दुसरी पाकिटं येत राहिली. मी वरचीच वाचत राहिले. शेवटी गुरुबसप्पांनीच विचारलं, “ते खालचं काय सडायलंय का?” म्हणून घरी नेलं.

तुझं लग्न दुष्काळातलं. उन्हात बसथांब्यापासून चालत मी तुमच्या वाडीला आले. घसा कोरडा पडला होता. तुझ्या आत्यानं मला ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी ओतलं. मला वाटलं, पाण्याची टंचाई आहे, पेले विसळायला पाणी नसेल. मग शेजारच्या बाईला त्यांनी पेला भरून दिला.

तू समोर होतीस, हळदीनं माखलेली. तू बघितलंस आणि मान खाली घातलीस. खोलीत दोन वर्षं आपण एकाच तांब्यानं पाणी प्यायलो होतो, तारा.

पुढं तुझं पत्र आलं. त्यात नोकरीची चौकशी होती, नवऱ्याच्या स्वभावाचं कौतुक होतं. त्या पाण्याबद्दल काही नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. त्याला दहा वर्षं झाली.

तर पाकीट घरी नेलं, त्या रविवारी दुपारी तुझ्या कथा आईला वाचून दाखवल्या. आई, कोंडाबाई, तुला आठवत असेल. खोलीवर भाकरी घेऊन यायची. तिला वाचता येत नाही, पण ऐकायला बसली की हलत नाही. दुष्काळी कामावरच्या भामाबाईची कथा आली. मुकादम एकीची हजेरी खोडतो आणि भामाबाई सगळ्या बायांसमोर त्याला म्हणते, “खोडलेलं परत लिव, मंग टोपलं उचलते.” आईनं मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. ती स्वतः खडी फोडायला जात होती.

मग तिनं विचारलं, “कुनी लिवलं गं हे?”

सांगितलं. मी म्हणाले, “लिहायला काय लागतं? त्या दिवशी तर गप्पच बसली होती.”

आई म्हणाली, “हाव, बसली व्हती. पिवळ्या अंगाची पोरगी, भरल्या मांडवात. चुकलंच तिचं. पर आता बोलून राहिली न्हवं? मंग ऐक की.”

दुसऱ्या दिवशी तुझ्या कथा मी यादीत सगळ्यात वर घातल्या. आईनं सांगितलं म्हणून नव्हे. त्या चांगल्या आहेत. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता करारावर सही हवी. टपालानंही चालतं, गुरुबसप्पांचं तेच म्हणणं. पण मला तू यायला हवी आहेस. यजमानांना आणलंस तर आनंदच आहे. उतरायचं मात्र आमच्या घरी, आमच्या वस्तीत, लॉजवर नाही. जेवण आई करील, आणि सगळे एकाच पंगतीला बसतील. हे आधीच लिहिते, म्हणजे निघताना घरात काय सांगायचं ते तुला ठरवता येईल.

पुस्तकाला याची अट नाही. तू आली नाहीस तरी ते निघणार, आणि मीच त्याची प्रुफं तपासणार.

येणं जमलं नाही, तर खरं कारण लिही. तुला खरं लिहिता येतं, हे आता मला ठाऊक आहे.

तुझी,
पंचशीला