मधातली लेकरं

पुएब्ला शहर

फ्रोसीताईस सेलेरिनाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

माझ्या निद्रानाशावर तू मधात घालून पाठवलेल्या अळंब्या मालकिणीने पाहिल्या. ‘अगं, ही तर नशा,’ म्हणाली. तिच्या हातात मेस्कालचा पेला होता, पण त्या दारूला ती पाहुणचार म्हणते. नोकरी जाईल म्हणून मीही म्हणाले, ‘नशाच हो, गावातल्या अडाण्यांची,’ आणि बरणी कचऱ्यात ओतली. वर तिने दिलेला पेला प्यायले. बाबा दारूनेच गेले, हे तेव्हा आठवलंच नाही.

लहानपणी मी तापाने फणफणले, तेव्हा आईने मेणबत्ती लावून याच अळंब्यांना ‘लेकरांनो’ म्हणून हाक मारली होती. त्यांची माफी कशी मागायची ते आईला विचार. कोण मागतंय ते मात्र सांगू नकोस.

तुझी,
सेलेरिना