नव्या बॅचची पहिली फ्रेम

११ जानेवारी

फिल्मवाल्याचा फोन. "बाई, पुढच्या मालाचं आत्ताच काही सांगता येत नाही." म्हणजे काय? "म्हणजे कंपनी काही बोलत नाही." मग तुम्ही कशाला बोलता? हे मनात. तोंडाने म्हटलं, "कळवा."

वर्षभर हेच ऐकतेय. स्लाइड फिल्म बंद होणार, नाही होणार, एक कारखाना चालू राहील, तोही नाही. ज्याला विचारावं तो मेव्हण्याच्या मित्राचा दाखला देतो. आत माणूस शेवटच्या घटका मोजत असतो आणि बाहेर व्हरांड्यात लोक अंदाज बांधत बसतात, तसे बोलतात मेले.

घरी येऊन फ्रीज उघडला, थंडाव्यात टिकावीत म्हणून साठवलेली रिळं मोजली. अडतीस. आई मागे उभी. "या घरात दुधाला जागा नाही. रिळांना आहे."

१३ जानेवारी

फिल्मच कशाला हवी, असं मोठे डॉक्टर विचारतील तेव्हा धड शब्द हवेत तोंडात. म्हणून इथे मांडून बघते.

मी इस्पितळात कातडीचे फोटो काढते. पोस्टातल्या बाई बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर पांढरे डाग होते. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी येतात. तीच खुर्ची, तेच दोन दिवे, तीच फिल्म. भिंगाचं तोंड बारीक, म्हणून शटर अर्धा सेकंद उघडं. "श्वास धरा," मी म्हणते. त्या धरतात. अशा तेवीस स्लाइड झाल्या. ओळीने लावल्या की कपाळावर रंग परत येताना दिसतो — कडेने, ठिपक्याठिपक्याने. औषध वाढवायचं की थांबवायचं ते त्यावरून ठरतं. अशा एकेचाळीस जणांच्या ओळी आहेत माझ्या कपाटात.

चोविसावी स्लाइड दुसऱ्या कशावर काढली, तर कातडी बदलली की फिल्म बदलली, हे कुणी सांगायचं?

मोठ्या डॉक्टरांनी नवा डिजिटल कॅमेरा आणलाय. त्यात आमचे सगळे रुग्ण सहलीहून आल्यासारखे दिसतात.

१७ जानेवारी

तीन रिळं धुऊन आली. दोनांवर अर्धचंद्र!

अर्धचंद्र म्हणजे फिल्म दुमडल्याची खूण. फिल्म धुण्याआधी तारेच्या चक्रावर गुंडाळावी लागते, तीही मिट्ट अंधारात, नुसत्या बोटांनी. घाई केली की ती मुडपते आणि तिथे नखाएवढा चंद्र उमटतो, कायमचा. पोस्टातल्या बाईंच्या भुवईवर एक उमटलाय. हे काम करतो तो काळोख्या. सोळा वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत आहे. नाव मीच ठेवलंय, त्याला माहीत आहे. एके काळी हसायचा त्यावर.

पूर्वी दहा वर्षांत एक चंद्र पडला नव्हता. आता महिन्याला चार-पाच. दाखवले तर म्हणतो, "रसायन बदललंय."

"रसायनाने दुमड पडते?"

"तुम्ही फोटो काढा, बाई."

फिल्म बंद होण्याचं सांगितलं. ढिम्म. "बंद झाली तर झाली. माणसं बंद पडतात, फिल्मचं काय घेऊन बसलात."

सरळ दुसरी तक्रार लिहून दिली. पहिली पावसाळ्यात दिली होती.

१८ जानेवारी

पूर्वी अकराला आम्ही दोघं चहा घ्यायचो, खिडकीपाशी. गेलं वर्षभर तो कप घेऊन आत जातो आणि दार लावतो. माझ्यासमोर चहासुद्धा उतरत नाही घशाखाली. बरं.

२३ जानेवारी

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी तयारीने गेले होते — ओळी, तारखा, पोस्टातल्या बाईंचं कपाळ. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "अहो, तुमच्याच विभागातून अर्ज आलाय. स्लाइडचं काम थांबवा म्हणून."

आमच्या विभागात माणसं किती? दोन. त्यातली एक मी.

तशीच जिना उतरले. कंपनी परकी, कारखाना परका, त्यांच्यावर रुसून काय उपयोग. पण हा? एका भिंतीपलीकडचा?

२४ जानेवारी

दारातच गाठलं त्याला.

"अर्ज तुम्ही लिहिलात?"

"हो."

"का?"

"कंटाळा आला."

"सोळा वर्षांनी?"

"कंटाळा यायला वर्षं लागतातच."

आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा राहिला. साहेबासारखा! घरभेद्या. तिसरी तक्रार तिथल्या तिथे लिहिली, अर्धचंद्रवाल्या सहा स्लाइड टाचून. शेवटची ओळ: 'सदर कर्मचारी या कामास अपात्र आहे.' खाडाखोड न करता लिहिली. लिहिताना फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

३१ जानेवारी

बोलणं बंद. भिंतीतल्या खिडकीतून रिळं जातात, रिळं येतात. सोबत चिठ्ठ्या. मी दोन शब्द खरडते. तो टाइप करून पाठवतो! 'रीळ मिळाले.' 'उद्या दुपारी.' भांडारातून जुना टाइपरायटर उचलून आणलाय. भांडणालासुद्धा सरकारी थाट लागतो याला.

३ फेब्रुवारी

नव्या बॅचचा डबा फोडला. कदाचित शेवटचा. पहिली फ्रेम नेहमीप्रमाणे चाचणीची — त्याच दिव्यांखाली, अर्धा सेकंद, रंग ताडायचं राखाडी कार्ड. मात्र कार्ड स्टँडला.

सुरुवातीची कितीतरी वर्षं कार्ड तो धरायचा. कल्पना माझी. म्हटलं होतं, राखाडी रंग खोटं बोलत नाही, पण तो माणूस नाही. आपल्याला कातडी बघायचीय, तर कार्डाशेजारी कातडी हवी. म्हणून त्याचा अंगठा. दर बॅचला तेच कार्ड, तोच अंगठा, मागे त्याच्या पांढऱ्या कोटाचं दुसरं बटण. गेल्या काही बॅचपासून येईनासा झाला. "स्टँड आहे की. मी काय खुंटी आहे?"

आज कार्ड एकटंच बसलं होतं फ्रेममध्ये. मेलं ते कार्डही मला पोरकं वाटलं.

६ फेब्रुवारी

मी बाजारात गेले असताना काळोख्या घरी येऊन गेला. बारा रिळं ठेवून गेला, आमचीच फिल्म, मुदतीतली. कुठलासा ओळखीचा स्टुडिओ बंद झाला म्हणे.

स्लाइड बंद करा म्हणून अर्ज करायचा आणि फिल्म आणून द्यायची! लाच आहे ही. की टोचणी? हात लावणार नव्हते. मग फ्रीजमध्ये ठेवली. फिल्मचा काय दोष.

आईला मात्र पाहुणा आवडला. "गरीब आहे गं. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला, लहान पोरासारखा. आणि तू त्याला काय काय बोलतेस."

"तू त्याच्याबरोबर काम करून बघ."

"तुझ्याबरोबर राहतेय तेवढं पुरे."

१६ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर आज गोडीत. समिती सव्वीसला बसणार. फिल्म चालू ठेवायची तर तिचा रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो याचा पुरावा आणा म्हणाले. आहे माझ्याकडे पुरावा! बारा वर्षांच्या चाचणीच्या फ्रेम, खोक्यात पडून आहेत.

मग खाजगीत बोलल्यासारखं, "आणि त्याची काळजी करू नका. तुमच्या तीन तक्रारी पुरेशा आहेत. समितीत तेही उरकून टाकू."

उरकून टाकू. जिंकले म्हणायचं.

२१ फेब्रुवारी

सकाळी चाचणीच्या फ्रेम दिव्याच्या टेबलावर ओळीने मांडल्या. एकोणीस बॅच, एकोणीस फ्रेम. कार्डाचा राखाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. समितीला यापुढे काय हवं? आनंदाने हसलेसुद्धा, एकटीच.

मग सवयीने कातडीकडे वळले. बघायचं होतं की अंगठ्याचा रंगही टिकलाय का. भिंग लावलं.

पहिल्या अकरा फ्रेममध्ये अंगठा इतका स्पष्ट की नखावरची रेघ मोजावी. बाराव्या फ्रेममध्ये कार्डाची कड किंचित मऊ. तेरावीत अंगठ्याला दोन कडा. चौदावीत तीन. पंधरावीत अंगठा नाहीच — अंगठ्याच्या जागी तपकिरी धूर. सोळावीपासून स्टँड.

आणि पुठ्ठ्याच्या चौकटींवर माझं अक्षर. बारावीवर: 'हलला.' तेरावीवर: 'पुन्हा हलला.' चौदावीवर: 'अर्धा सेकंद धीर नाही!' पंधरावीवर: 'मुद्दाम?'

कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं. मागचं बटण बघितलं. पंधरावीतही बटणाची चारही भोकं स्पष्ट. माणूस जागचा हलला नव्हता. श्वास धरून उभा होता. फक्त हात.

भिंग खाली ठेवलं. मग एकेक आपोआप येत गेलं, मी बोलवत नव्हते तरी. टाइप केलेल्या चिठ्ठ्या. दाराआडचा चहा. खिशातले हात. अर्धचंद्र. आईचा पेला — एका पाण्याच्या पेल्यात तिला जे दिसलं, ते मला भिंग लावून चार वर्षं दिसलं नाही. कातडी बघण्याचा पगार घेते मी.

आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, नसांचे डॉक्टर बसतात. तिथे तो गेला नसणार. तिथे नाव लागलं की दुपारपर्यंत सगळ्या इस्पितळाला कळतं. आणि थरथरत्या हातांना अंधाऱ्या खोलीत कोण ठेवील? त्याला ठेवायचं नाही असं कुणी लिहून दिलंय, तेही आठवलं. 'अपात्र.'

टेबलाचा दिवा बंद केला. पलीकडे नळ चालू होता. तो रिळं धूत होता.

२२ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांच्या कारकुनाकडून त्याचा अर्ज मागून वाचला. महिनाभर ज्या कागदावरून जळतेय तो वाचला नव्हता मी! चार ओळी, टाइप केलेल्या. 'रिळे यापुढे विभागात धुऊ नयेत, बाहेरच्या लॅबकडे पाठवावीत. सध्या पडणाऱ्या खुणा फिल्मच्या अथवा छायाचित्रकार बाईंच्या दोषामुळे नाहीत. फिल्म मात्र मिळेल तोवर हीच वापरावी. ती बदलल्यास बाईंचे बारा वर्षांचे काम वाया जाईल.'

यातल्या पहिल्या ओळीपुढे डॉक्टरांनी वाचलं नव्हतं. मी तर एकही नाही.

२३ फेब्रुवारी

तिन्ही तक्रारी मागे घेतल्या. "कारण?" डॉक्टर म्हणाले. "पाण्यात गाळ होता." "पाण्याने दुमड पडते?" "पडते." इतकं धडधडीत खोटं आजवर बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे.

मग अंधाऱ्या खोलीचं दार वाजवलं. महिन्यानंतरचं पहिलं बोलणं, तेही भांडल्यासारखंच आलं तोंडातून. "मला रीळ भरायला शिकवा. तुमच्या चंद्रांचा वीट आलाय."

त्याने दार पूर्ण उघडलं. मग बाजूला सरला. "दार नीट लावा. फटीतून उजेड येतो."

आत काही म्हणजे काही दिसत नाही. त्याचा आवाज तेवढा. "कडा दाबू नका. कमान करा. फिल्मला जायचंच असतं, तिला अडवू नका." मी तीनदा मुडपली. चौथ्यांदा त्याने हात माझ्या हातावर ठेवला, वाट दाखवायला. डबीत अडकलेल्या पाखरासारखा होता तो हात. फिल्म सरसर आत गेली.

"जमलं," तो म्हणाला.

"तुम्ही दोन मजले खाली कधी जाणार आहात?"

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज. "रिळं भरून होऊ देत," म्हणाला.

२६ फेब्रुवारी

समिती झाली. फिल्म मिळेल तोवर चालू. रिळं भरायचं काम माझ्याकडे, रसायनं त्याच्याकडे. विषयाला एकूण नऊ मिनिटं.

अकराला चहा खिडकीपाशी. त्याचा कप मी अर्धाच भरला. त्याने बघितलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

९ मार्च

फिल्मवाल्याचा फोन. कारखान्याने बंद केली. नक्की. एक शेवटची बॅच पाठवतो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, तर म्हणतो, "बाई, ऐकलंत ना?"

२० मार्च

शेवटची बॅच आली. कार्ड स्टँडवरून काढून त्याच्यापुढे धरलं. "अर्धा सेकंद नाही जमणार मला," तो म्हणाला. स्वतःहून.

मी भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर नेलं, थरथर टिपली जाणार नाही इतकं. बारा वर्षांत पद्धत मोडली नव्हती. या फ्रेमची तुलना आता कुठल्याच फ्रेमशी होणार नाही.

रीळ मीच भरलं. अंगठा स्पष्ट आलाय. नखावरची रेघ मोजता येते.