जागा मिळाल्यानंतरचे गुण

४ मार्च १९६६, शुक्रवार. अहमदी, कुवेत

रबियाला जागा मिळाली! मुंबईच्या कॉलेजात, सायन्सला, वसतिगृहासकट. सहामाहीच्या गुणांवरच दिली. तार वाचून तिची आई, खतिजा, रडली. मी घरभर नुसता फिरत होतो. रबिया म्हणाली, "थँक यू, अब्बा," आणि वाळलेले कपडे काढायला गेली.

दुपारी डोळा लागला, तर तेच स्वप्न. आमच्या गावची, बाणकोटची खाडी, भरतीचं पाणी, त्यावर ऊन हलतंय. होडी धक्क्याला लागते. आमची रबिया उतरते — पांढरा कोट, हातात काळी बॅग. बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या. दवाखान्याच्या पाटीवरचा रंग अजून ओला. स्वप्नात मला त्या रंगाचा वासही येतो! जाग आली तेव्हा वास तेलाचा होता. खिडकीबाहेर तेलविहिरींवरच्या ज्वाळा, नेहमीसारख्या.

९ मार्च, बुधवार

खतिजाची कुरकुर — "शेवटची परीक्षा तोंडावर, आणि पोरगी खिडकीत बसून असते!" बसू दे. जागा मिळाली आहे. मीही याच वयात असाच धक्क्यावर बसायचो, मांडीवर पुस्तक, नजर पाण्यावर.

११ मार्च, शुक्रवार

जमातीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, एकदा प्रवेश झाला की शेवटच्या परीक्षेचे गुण बघतो कोण? बस्स! उठलोच मी. म्हणालो, गुण हा दुकानातला तराजू आहे, त्यात ज्ञान मावत नाही. आपली मुलं ज्या दिवशी गुणांसाठी शिकणं सोडतील, त्या दिवशी खरी शिकू लागतील! टाळ्या! बायकांच्या बाजूला रबिया बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. टक लावून ऐकत होती. काय अभिमान वाटला!

बाहेर आल्यावर जाफरने धरलं. हा माझ्या गावचा, इथे जवळच फहाहीलला कापडाचं दुकान चालवतो. "झहूरभाई, तुझी पोरगी आत पोचली, आता तू दाराची निंदा करतोस होय! आमच्या महबूबला अजून कुठे जागा नाही. तो आजच पुस्तकं रद्दीत घालेल, मग तुझ्या भाषणाचं काय करू? लोणचं?" सगळे हसले. मीही.

१७ मार्च, गुरुवार

आज केमिस्ट्रीचा पेपर. "कसा गेला?" — "लवकर संपला, अब्बा." हुशार पोरगी!

१९ मार्च, शनिवार

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. पेपर समोर ठेवला. वर रबियाचं नाव, खाली काही नाही. कोरा!

"झहूरसाहेब, कॉलेज शेवटचे गुण मागवतं. नापास मुलीची जागा ठेवत नाहीत."

"साहेब, एकदा फेरपरीक्षा घ्या. विनंती करतो." माझाच आवाज — केवढा मऊ!

पुढच्या शनिवारी घेऊ म्हणाले. पण तिने स्वतः येऊन बसलं पाहिजे, आणून बसवलेली चालणार नाही.

घरी येऊन ओरडलो. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, गुणांसाठी शिकणं सोडलं की—"

"अगं, ते भाषण होतं!"

निघून गेलं तोंडातून. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ताटं उचलायला लागली.

२० मार्च, रविवार

परत खाडी. होडी लागली, सगळे उतरले. रबिया आत बसूनच, पाठ माझ्याकडे. मी धक्क्यावरून भाषण करतोय. भाषण संपत नाही. पाणी ओसरत चाललंय.

२२ मार्च, मंगळवार

खतिजा म्हणाली, "तिला काय हवंय, एकदा विचारा तरी."

"जन्मल्यापासून बोलतोय तिच्याशी!"

"तिच्याशी नाही हो. तिच्यापुढे. सभेत बोलता तसं."

भात वाढता वाढता म्हणाली, मान वर न करता.

२५ मार्च, शुक्रवार

रबियाला घेऊन फहाहीलच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी अगदी सपाट, दुधासारखं. विचारलं, "पेपर कोरा का दिलास?" आणि गप्प बसलो. किती अवघड असतं ते! तीनदा वाक्य ओठावर आलं, तिन्ही वाक्यं चांगली होती. गिळली.

शेवटी म्हणाली, "उद्या बसते पेपरला. सगळा लिहिते. पण आल्यावर मी बोलणार, आणि तुम्ही मधे बोलायचं नाही."

कबूल! कबूल! जागा वाचली! येताना मोटारीत डोळे मिटले, तर पाटीचा रंग पुन्हा ओला.

२६ मार्च, शनिवार

पेपर सगळा लिहिला. नंतर बोलली — जागा जावी म्हणूनच तो पेपर कोरा दिला होता. मी मधे बोललो नाही. एकदाच विचारलं — "कॉलेजला जायचंच नाही, तर गुण कशाला?" मी विचारलं हे, मी! "माझे आहेत म्हणून," म्हणाली. इथल्याच शाळेत लहान मुलांना शिकवायचं आहे. बाणकोट दोनदा पाहिलंय तिने, होडीत बसायची भीती वाटते. लहानपणी रात्री जाग आली की ती खिडकीतून ज्वाळा बघायची. दिसल्या की झोप यायची.

एवढी वर्षं मी रोज म्हणत आलो, एक दिवस घरी जाऊ. ती घरीच होती.