दादाच्या बाणांना नवे नॉक

१९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आईही कुरकुरते, त्यामुळे दोघांचं बरं जमलंय.

तुमचं पत्र पोचलं. पुन्हा लग्न करावं असं मनात आहे, पण आमचं मन दुखणार असेल तर हा विषय इथेच थांबवते, असं लिहिलंत. उत्तराला उशीर झाला. मला असलं काही पटकन लिहिता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी बाणांचं सांगते.

दादा गेल्यावर तुम्ही त्याचे बाण माझ्या हातात ठेवलेत. "कपाटात उभे राहून त्यांना गंज चढेल, तू मार," म्हणालात. त्यांना गंज चढत नाही हे मी तेव्हा बोलले नाही. माझं धनुष्य हलकं आणि ते बाण त्याला जरा ताठ, पण कोचबाईंनी पुढे जड टोकं बसवून ते निभावलं. अडलं ते शेपटाशी. नॉक तुम्हाला सांगायला नकोत, सोफ्याखालून तुम्हीच वेचायचात: दोरी धरणारा तो नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. दादाची दोरी जाड, माझी बारीक. त्याचे नॉक माझ्या दोरीवर टिकेनात, बाण लावला की गळून पडायचा.

सरळ नवे घ्यायचे. ते न करता मी दोरीवरच शिवणाचा दोरा गुंडाळून ती जाड केली. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी. दोन्हींचा काही संबंध आहे असं तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर कोचबाईंनी बघितलं.

"दोरीला मफलर का घातलास? सर्दी झाली का तिला?"

"नॉक सैल बसत होते."

"मग नॉक बदलायचे ना, बाई! दोरीला कशाला जाड करतेस?"

"दादाचे आहेत ते."

त्यांनी एक बाण घेतला आणि नॉक चिमटीत धरून प्रकाशात फिरवला. केसाएवढी चीर होती. "बाण सोडताना हा फुटला तर दोरी रिकामी सुटेल. धनुष्य मोडेल, वर चेहऱ्यावर काही उडालं तर वेगळंच." मग त्यांचा आवाज उतरला. "अगं, तुझा दादा हे दर स्पर्धेआधी बदलायचा. जुने माझ्या टेबलावर टाकून जायचा. केराची टोपली तिथेच, दोन हातांवर, पण साहेबांना वाकायला नको!"

मला हसू आलं. तो गेल्यापासून त्याच्यावरून कोणी असं भांडलंच नव्हतं माझ्याशी. सगळे फार जपून बोलतात.

मग दुकानात गेले. बारीक खाचेचे दोन प्रकार होते, दोन्हीतले थोडे मागितले आणि तिथेच धनुष्य काढून बसले. बाण दोरीला अडकवून खाली लोंबू द्यायचा आणि दोरीला टिचकी मारायची. टिचकीआधीच पडला तर सैल, टिचकीनंतरही लटकून राहिला तर घट्ट. पहिला प्रकार चिकटूनच बसला. दुसऱ्यातला टिचकीसरशी अलगद सुटला. दुकानदार म्हणाला, "रंग कुठला?" दादाचे पांढरे होते. मी नारिंगी घेतले. लक्ष्यात रुतलेले बाण दुर्बिणीतून बघताना मला पांढरं नीट दिसत नाही, एवढंच कारण.

पुढच्या सकाळी मैदानावर जुने ओढून काढताना हात जरा थांबला. मग काढले, आणि कोचबाईंच्या टेबलावर ठेवून आले. मागून आवाज आला, "घराण्याचीच खोड आहे!" त्या सकाळी बाण चांगले गेले. फार चांगले नाही. चांगले.

आता तुमचं.

पत्र वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. ते लपवत नाही. तुमच्या निर्णयाचं नाही वाटलं. तुम्ही गेलात तर दादाबद्दल मी कोणाशी बोलणार, ही भीती वाटली. आईशी बोलता येत नाही, ती लगेच उठून ओटा पुसायला लागते.

दादा लग्नाआधी कसा होता, ते तुम्ही पाहिलं नाहीत. जेवताना एक शब्द नाही. तुम्ही आलात आणि तो घरात शीळ घालू लागला. स्पर्धांना तुम्ही दिवसदिवस उन्हात बसायचात, नेम चुकला तर त्याच्याआधी पंचांवर चिडायचात. शेवटच्या महिन्यांत तो तुमच्याशी बोलता बोलता झोपायचा. माझ्या भावाला हे सगळं मिळालं, तुमच्यामुळे. याबद्दल आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत. आता मानते.

लग्न करा, वहिनी. मनापासून सांगते. ते गृहस्थ चांगले आहेत असं तुम्ही लिहिलंत, तेवढं मला पुरे.

आईला मीच सांगितलं. ती उठली, ओटा पुसला, परत येऊन बसली. म्हणाली, "तिला तिखट सोसत नाही. त्या लोकांना कोणीतरी सांगायला हवं." लग्नाला येणार आहे ती. साडी कुठली, यावर वाद सुरू झालाय.

तिकडे तुम्हाला नवी नणंद मिळणार असं कळलं. मिळू दे, तिचेही लाड करा. पण मान थोरलीचा असतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

तुमची थोरली नणंद