दोन इसा न् धा

ता. ७ जानेवारी १९३५, सोमवार
बिगरीत आज चौतीस पोरं, शिकवायला मी एकटी. घसा पार बसला. दुपारी ओरडवेना म्हणून चिंचोके जमिनीवर ओतले नि म्हटलं, दहा-दहाचे ढीग करा. वर्ग एकदम गप्प. वडगावात येऊन दोन वर्षं झाली, हे आधी का सुचलं नाही?

ता. ९, बुध.
खोलीवर बसून अंकांचं पुस्तक शिवलं. एक मोट, दोन बैल, तीन कणसं... दहाव्या पानावर वांगी. बैल जमले नाहीत. पोरं म्हणतात, "बाई, शेळ्या हायेत." असोत. दोन आहेत ना, झालं.
आईला पत्र राहिलंच.

ता. १५, मंगळ.
एकोणतीसला सगळी अडखळतात. गंगू मात्र नाही. पाच वर्षांची, कालव्याकडच्या मळ्यातली. तिचे आजोबा, तात्या, रोज आणून सोडतात. ढीग बघून म्हणाली, "ईस न् नऊ." कुणी शिकवलं? "तात्यानं." चाळीस म्हणजे दोन इसा. पन्नास म्हणजे दोन इसा न् धा. म्हातारा मेथीच्या जुड्या अशाच मोजतो म्हणे. एक चूक नाही पोरीची.
एकवीस-बावीस तिला शिकवायला हवं. आज त्राण नाही.

ता. १८, शुक्र.
हेडमास्तर : सोमवारी डिपुटीसाहेब तपासणीला. "बाई, ते चिंचोके आवरा. पाढे घ्या."
घेतले. सगळ्यांचा एकच गलका, अर्थ कुणालाच नाही.

ता. २१, सोम.
झाली तपासणी. डि. सा. नी नेमकी गंगूला उभी केली. मण्यांच्या चौकटीतल्या पाच रांगा सरकवल्या. "किती?"
"दोन इसा न् धा."
साहेब हसले. मग पोरंही हसली. "ही कुठली मोजणी? पन्नास म्हण." गंगू माझ्याकडे बघत राहिली. मी
काही बोलले नाही.
तात्या न्यायला आले होते, दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं. वहीत शेरा पडला, अंकज्ञान कच्चे.

ता. २४, गुरु.
गंगू तीन दिवस नाही. डोकं दुखतंय. पाढे चालू, पोरं जांभया देतात, मीही.

ता. २७, रवि.
मळ्यावर जाऊन आले. पायांत गोळे आलेत. तात्या वांगी तोडत होते. मला बघताच गंगू झाडांआड.
"बाई, आमची मोजणी खोटी हाय का?"
"नाही तात्या. बरोबर आहे."
"मग तवा का न्हाय बोलला?"
शेवटी खरं तेच सांगितलं, भ्याले म्हणून. त्यांनी हातातली वांगी पाटीत टाकली. मग म्हणाले, "आमी बी भितो सायबाला. पर पोरगी आता मोजतच न्हाय. ही वांगी मोज म्हणलं, तर तोंडावर हात ठेवती."
शाळेत पाठवाल? "तिलाच इचारा." विचारलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

ता. २८, सोम.
गंगू आली नाही. मधल्या सुट्टीत डि. सा. ना पत्र लिहिलं. मुलीचे उत्तर बरोबर होते, मी गप्प राहिले ही माझी चूक, शेरा बदलावा. हेडमास्तरांनी दोनदा वाचलं. "बाई, बदली होईल. बावड्याला, नाहीतर त्याच्याही पलीकडं कुठंतरी."
"पत्र पाठवा," म्हटलं. वाद घालायची ताकद असती, तर आणखी चार ओळी लिहिल्या असत्या.

ता. १ फेब्रुवारी, शुक्र.
डि. सा. कडून काही नाही.
दुपारी तात्या आले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं नि पोरांच्या रांगेत बसले. "मला सायबाची मोजणी शिकवा. इसाच्या फुडची. म्हंजी मी तिला सांगंन." पोरं फिदीफिदी. मी दटावलं. म्हातारा छत्तीसपर्यंत आला, घाम पुशीत. ते उठताना मी विचारलं, गंगू कुठं आहे?
"भाईर. माझ्यासंगं आली. आत यायला तयार न्हाय."
खिडकीतून पाहिलं. लिंबाखाली बसलेली, शाळेकडे पाठ करून. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. तात्यांना म्हटलं, अजून थोडं बसा. आणि सदतीसपासून जरा मोठ्यानं सांगू लागले.